जुळाऱ्याच्या ओळी

“आडाला झाकण असावं, कुलूप नसावं,” असं आमचे दाजी येताजाता म्हणायचे. त्यांच्या घरी आड नव्हता. होता एक जुना कॉम्प्युटर, रेडिओदुरुस्तीच्या टेबलावर, स्क्रूच्या डब्यांना खेटून.

त्यावर त्यांनी एक लायब्ररी लिहिली होती. पुस्तकांची नव्हे, दुसऱ्यांना आपल्या प्रोग्रामात जोडता यावा अशा तयार कोडची. नावं अक्षरांच्या क्रमानं लावायचं काम ती करी. कोड सगळ्यांना खुला, फुकट. लायसन्समध्ये अट एकच: सुधारून पुढे द्याल, तर सुधारणाही खुली ठेवा. दाजी तिलाच झाकण म्हणत.

त्यातला जोडाक्षरांचा भाग त्यांच्या मित्राचा. तो छापखान्यात खिळे जुळवायचा, म्हणून त्याला सगळे जुळारी म्हणत. काय दिवस होते! संध्याकाळी दोघं एकाच बाकड्यावर बसत, आणि जुळारी शाईच्या बोटानं एकेक कळ दाबी.

“अरे, दाबतोस की गोंजारतोस?”

“आपटलेला खिळा छापत नाही, राजा.”

थोड्या थोड्या ओळींनंतर तो एक ओळ कोरी सोडी. डोळ्यांना दम खायला, म्हणे. पुढे जुळारी गेला. कोऱ्या ओळी राहिल्या.

यंदा लायब्ररी सांभाळणारी तरुण मंडळी घरी आली. अटीमुळे कंपन्या फिरकत नाहीत, अट काढू या म्हणाली. त्यासाठी कोड देणाऱ्या प्रत्येकाची संमती लागते. बाकी सगळ्यांची आली होती. जुळाऱ्याचा हक्क आता त्याच्या मुलीकडे. दाजींनी तिला फोन लावला.

“काका, बाबांनी झाकण बघूनच आडात पाणी ओतलं. माझी संमती नाही म्हणून समजा.”

“मग त्यांचा भाग काढा आणि तुम्ही नव्यानं लिहा,” मंडळींतली चष्मेवाली म्हणाली. “नाहीतर आम्ही निघालो, काका. मग हे सांभाळणार कोण?”

मंडळी ओट्यावर जाऊन बसली. दाजींनी जुळाऱ्याच्या ओळी काढल्या आणि बाकड्याच्या एका टोकाला बसून लिहू लागले. ताईनं ठेवलेला चहा निवला. दुसरा ठेवला, तोही निवला.

“झालं का, दाजी?” मी विचारलं.

“तूच बघ.”

जुन्याशी ताडून पाहिलं. तेच वळण, तीच चाल. कोऱ्या ओळीसुद्धा जागच्या जागी.

“बोटं माझी, हात त्याचा,” दाजी म्हणाले. “हे नवं कसलं? त्याचंच त्याला न विचारता घेतल्यासारखं.”

“आडात तोच, तर पोहऱ्यात दुसरा कुठून येणार?” ताई म्हणाली.

दाजी हसले. मग बराच वेळ चष्मा पुसत बसले. शेवटी ओट्यावर जाऊन म्हणाले, “पोरांनो, तुम्ही तुमचा नवा आड खणा. माझा राग नाही. याचं झाकण राहू दे.”

“हा ओस पडेल, काका.”

“पडेल. पण कुलूप नसेल.”

मंडळी गेली. दाजींनी जुळाऱ्याच्या ओळी होत्या तशा परत ठेवल्या आणि चपला घातल्या.

“आता कुठे?”

“पोरीला सांगून येतो. हे फोनवर सांगायचं नाही.”

ते हळूहळू रस्त्याला लागले. ताई दारात आली. “चष्मा विसरले बघ,” ती मला म्हणाली, पण हाक मारली नाही. ते वळणाआड जाईपर्यंत नुसती बघत राहिली.