सुकटीचा वास

क्वालालंपूरला आप्पांना घेऊन एका छोट्या खानावळीत शिरले. इथला नासी लेमाक खायचाच, असं सगळ्यांनी बजावलं होतं. केळीच्या पानावर नारळाच्या दुधातला भात, लाल चटणी, तळलेले शेंगदाणे आणि बारीक, कुरकुरीत सुकी मासळी. तो वास नाकात शिरला आणि मी थेट सुरतेत, गोडादऱ्याच्या आमच्या भाड्याच्या खोलीत पोचले.

तीसेक वर्षं झाली. मी दहा वर्षांची. आप्पा कापडाच्या लूमवर कामाला होते, त्यांना त्या दिवशी सुट्टी होती. त्यांनी पिशवीतून सुकटीची पुडी काढून आईपुढे ठेवली.

"भाज ना आज. मालकीण देवळात गेलीये."

"आणि लवकर आली तर?"

"नाही येत."

आईने दार लावलं, धूप पेटवला. वास दबावा म्हणून आधी वरणाला हिंगाची फोडणी दिली, मगच तव्यावर सुकट टाकली. ती तडतडायला लागली आणि दारावर मालकिणीची थाप पडली.

"आ शेनी वास आवे छे?"

आप्पांनी दार उघडलं, हात जोडले. "बेन, मैंने मना किया था. ये औरत सुनती ही नहीं."

आईचा उलथनं धरलेला हात तसाच राहिला. खोली सोडावी लागलीच. त्यानंतर मरेपर्यंत तिने सुकट घरात येऊ दिली नाही.

खानावळीत माझ्यासमोर आप्पांनी पान बोटाने निपटून घेतलं.

"काय चव आहे गं! तुझ्या आईनं असलं कधी करून घातलं नाही."