यादीतला रिकामा रकाना

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या यादीचं प्रकरण मात्र अजून लख्ख आठवतं, कारण त्यात शेवटी आरोपी कुणीच निघाला नाही आणि मला त्याचं फार बरं वाटलं. तेव्हा मी चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या सीमेवर, जंगलाला लागून असलेल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. नावं सांगत नाही. ती माणसं आजही तिथंच राहतात.

सकाळची हजेरी आटोपली होती. धानाची शेती करणारा एक पन्नाशीचा माणूस आपल्या मुलीला घेऊन तक्रार अर्ज द्यायला आला. गावात एका संस्थेनं रक्ततपासणीचं शिबिर घेतलं होतं. महिन्याभरानं छापील यादी आली आणि त्यात या मुलीच्या नावासमोर ‘सिकलसेल रोगी’ असं लिहिलेलं होतं. ब्रह्मपुरीकडची ठरलेली सोयरीक मोडली.

“साहेब, माह्या पोरीले आजवर साधा ताप नाई आला,” बाप म्हणाला. “त्या लॅबवाल्यानं मुद्दाम लिवलं. त्याच्या भावासाठी मागणी आली होती, आमी नाई म्हटलं.”

मुलगी पुढं झाली. ती म्हणाली, “मले लग्नाचं काई नाई साहेब. मी खरंच बिमार आहो का, तेवढं सांगा.”

तिचा नमुना पुन्हा चंद्रपूरला पाठवायला लावला. निकालाला आठवडा लागणार होता. दरम्यान आमच्या एका खबऱ्यानं सांगितलं, की तो लॅबवाला तंत्रज्ञ चहाच्या टपरीवर ‘आता पाहू कोण करते तिच्याशी लग्न’ असं बोलला. खबर आली, की तिचा उगम आधी शोधावा, हे मी नव्या फौजदारांना शिकवत असे. त्या वेळी स्वतःच विसरलो. ते वाक्य मुलीच्या चुलत्याच्या तोंडून निघून टपरीवर पोचलं होतं, हे मला नंतर कळलं.

तंत्रज्ञाला बोलावून घेतलं. तिशीचा, सडपातळ, साधा माणूस. यादीच्या प्रत्येक पानावर त्याची सही होती.

“ही सही तुझीच?”

“हो साहेब. पण मी रजिस्टरमधी हातानं लिवलं होतं. यादी संस्थेवाल्यायनं कॉम्प्युटरवर केली. मी ताडून न पाहता सह्या केल्या, एवढी माही चूक.”

“रजिस्टर कुठं आहे?”

“संस्थेच्या लोकायनं टायपिंगसाठी नेलं. नागपूरले आहे.”

रजिस्टर नेमकं इथं नाही, हे मला फारच सोयीचं वाटलं. मी शिबिराच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, की गावातल्या रोग्यांची आणि वाहकांची टक्केवारी आजूबाजूच्या गावांशी जुळते, यादी चुकीची असायचं कारण नाही. झालं. मी मनाशी हिशेब मांडला: यादी बिघडली असती तर टक्केवारीही बिघडली असती. ती जुळते, म्हणजे एकच नाव बदललं आहे, आणि एकच नाव चुकून बदलत नाही. मी आवाज चढवला. दोन तास तेच प्रश्न फिरवून विचारले. त्याचं उत्तर बदललं नाही. उत्तर न बदलणारा माणूस एक तर पाठ करून आलेला असतो किंवा खरं बोलत असतो. मी त्याला पहिल्या प्रकारात धरलं. त्याला ठाण्यातच बसवून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी गुन्हा दाखल करायचा, असं ठरवून टाकलं.

कागदपत्रांना जोडायला संस्थेकडून यादीची मूळ फाईल मागवली होती. ती उघडून छापायचं काम आमच्या महिला अंमलदाराकडे दिलं. ती ब्रह्मपुरीला संख्याशास्त्र घेऊन पदवीधर झालेली, ठाण्याची मासिक विवरणपत्रं तीच तयार करायची. थोड्या वेळानं तिनं हाक मारली.

“सर, जरा इकडं या. या बुढ्याले पाचवा महिना लागला म्हणते.”

त्या म्हाताऱ्याला सगळं ठाणं ओळखत होतं. शेजाऱ्याच्या शेळ्यांची तक्रार घेऊन तो दर आठवड्याला यायचा. गावात वाटलेल्या यादीत फक्त नाव आणि निकाल होता. मूळ फाईलमध्ये उजवीकडे शेरा होता आणि म्हाताऱ्याच्या ओळीत लिहिलं होतं: ‘गरोदर, पाचवा महिना’. सगळे हसले. मीही हसलो. ती हसली नाही.

“सर, नाव, वय, घर हे डाव्या बाजूले आहे. निकाल अन् शेरा उजव्या बाजूले. मधात एक रकाना रिकामा सोडला, दिसाले बरं म्हणून. कोणीतरी नावं अकारविल्हे लावली. प्रोग्राम रिकाम्या रकान्यापाशी थांबला. डावी बाजू हलली, उजवी जागीच राह्यली.”

“म्हणजे निकाल?”

“कोणाचे कोणाले गेले सर. प्रोग्राम इचारत नाई, सांगत नाई. खाडाखोडही दिसत नाई.”

मी टक्केवारीचं बोललो. ती म्हणाली, “टक्केवारी कशी बदलेल सर? रोगी तेवढेच, वाहक तेवढेच. बेरजेले नावं लागत नाई.”

मला ओशाळल्यासारखं झालं. पण तिचं बोट अजून म्हाताऱ्याच्या ओळीवर होतं. “सर, या शेऱ्यासमोर ‘रोगी’ आहे. बुढ्याचं सोडा. ती बाई कोण आहे? तिले तर यादीत निरोगी म्हणून सांगितलं असंल.”

गावात आरोग्याचं काम पाहणाऱ्या आशाताईंना फोन केला. शिबिराच्या वेळी पाचवा महिना असलेली एकच बाई गावात होती. जीप काढली. ती मोहफुलं वेचायला जंगलात गेली होती. झाडाखाली टोपली ठेवून ती बसली होती, चेहरा पांढराफटक.

“हातपाय लय दुखते बाई,” ती आमच्या अंमलदाराला म्हणाली. “पण यादीत काई नाई निघालं, म्हणून दवाखान्यात नाई गेली.”

तिला त्याच जीपनं चंद्रपूरला नेलं. रक्त फार कमी झालं होतं. वेळेत आणलं, असं डॉक्टर म्हणाले. पुढं तिला मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत.

तंत्रज्ञाला मी त्याच संध्याकाळी चंद्रपूरहून फोन करून घरी सोडायला सांगितलं होतं. दोन दिवसांनी नागपूरहून रजिस्टर आलं. स्वच्छ अक्षरात तक्रारदाराच्या मुलीच्या नावासमोर ‘निरोगी’. पुढं चंद्रपूरचा निकालही तोच आला. मी स्वतः त्याच्या घरी गेलो आणि चुकलो म्हणून सांगितलं. त्यानं बसायला खुर्ची पुढं केली. मग म्हणाला, “चहा घ्या साहेब.” यादी अकारविल्हे लावणारी संस्थेतली कर्मचारी आपणहून पुढं आली, नाव पटकन सापडावं, एवढाच तिचा हेतू होता. सगळ्या गावाला रजिस्टरवरून नव्यानं निकाल सांगितले गेले. वराकडची माणसं परत आली, तेव्हा मुलीनं त्यांना सांगितलं, “पहिले पोराची तपासणी करून आणा.” त्यांनी आणली. लग्न झालं.

ठाण्याच्या डायरीत नोंद चुकली तर एक आडवी रेघ मारून सही करायची, खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे, हा आमचा नियम. चूकही कागदावर राहते. कॉम्प्युटरच्या त्या तक्त्यात चूक इतकी नीटनेटकी बसली होती, की सही करणारा, डॉक्टर आणि मी, तिघंही फसलो. बंदोबस्ताच्या ड्यूट्या लावायला ते तक्ते छान आहेत, मीही वापरले. पण माणसांच्या रक्ताचा अभ्यास करायचा तर एका माणसाची ओळ तुटणार नाही, मूळ नोंद तशीच राहील आणि प्रत्येक बदल लिहिला जाईल, असं साधन हवं. हे मला आमच्या अंमलदारानं समजावलं. बेरीज जुळली म्हणून मी एका माणसाला गुन्हेगार ठरवायला निघालो होतो, हे मात्र माझं मला समजलं.

त्यानंतर कुणीही तक्ता घेऊन आला, की मी कुठल्याही एका नावावर बोट ठेवायचो आणि म्हणायचो, या माणसाला भेटून या. बहुतेक वेळा शिपाई उन्हातून परत यायचा आणि सांगायचा, “बरोबर आहे सर.” तो हेलपाटा मला कधी वाया गेल्यासारखा वाटला नाही.