कोपरा कापलेली आभारपत्रं

सोमवारी सकाळी वलगावचे रामराव सायकलवरून शाळेत आले, तेव्हा त्यांचं डोकं ओलं होतं. थंडीचे दिवस. हातातलं कार्ड त्यांनी दोन बोटांत, अंगापासून लांब धरलं होतं.

"मास्तर, कोण गेलं तुमच्या इथचं?"

"कोणी नाही. का हो?"

"मंग हे काय धाडलं?" त्यांनी कार्ड माझ्या नाकासमोर धरलं. उजवा कोपरा कापलेला होता. "मायनं दारातच अडोलं. म्हणे पहिले आंघोळ कर, मंग वाच. थंड्या पान्यानं आंघोळ केली, न् पाह्यतो तं काय, आभार! आभार असे मानतेत काय बाप्पा?"

तशीच कार्डं मी शनिवारी संध्याकाळी वलगावपासून अकोल्यापर्यंतच्या सगळ्या देणगीदारांना टाकली होती.

अमरावतीच्या एका अंधशाळेचा मी चिटणीस होतो. चिटणीस म्हणजे पत्रं लिहिणारा, अहवाल छापून घेणारा आणि देणगीदारांची मर्जी सांभाळणारा. मास्तर मी नव्हतोच, पण शाळेत दिसेल तो मास्तर, असा आमच्याकडचा हिशेब. साल बासष्ट, चीनशी लढाई सुरू होती. जो तो संरक्षण निधीला देत होता आणि द्यायलाच हवं होतं. बायका हातातल्या बांगड्या उतरवत होत्या. आमच्याकडे येणारी ज्वारीची पोती मात्र थांबली होती. आमचे अध्यक्ष वकीलसाहेब. ते म्हणाले, "मागणी करू नका. अशा वेळी हात पसरला तर लोक तोंडावर दार लावतील. नुसते आभार माना. आपण आहोत, एवढं त्यांच्या लक्षात राहू द्या."

आभार लक्षात राहतील असे हवेत, हे पुढचं डोकं माझं. ब्रेल म्हणजे उठावाच्या ठिपक्यांची लिपी. जाड कागदावर टोच्याने टोचायची आणि बोटांनी वाचायची. प्रत्येक कार्डावर देणगीदाराचं नाव मुलांनी ब्रेलमध्ये टोचायचं, खाली मी शाईने चार ओळी लिहायच्या, असं ठरलं. कल्पना सगळ्यांना आवडली. मला तर फारच.

आता तो कोपरा. आमच्या शाळेत प्रत्येक जाड कागदाचा वरचा उजवा कोपरा कापत असत. कागद सुलटा आहे की उलटा, ते मुलांच्या बोटांना लगेच कळावं म्हणून. हस्तकलेच्या मास्तरांनी सवयीने कार्डांचा गठ्ठाच्या गठ्ठा कापला. मी त्यावर पत्ते घातले, तिकिटं लावली. कोपरा कापलेलं कार्ड म्हणजे मयताची बातमी, हे मला काय ठाऊक नव्हतं? वडील गेले तेव्हा तशी कार्डं मीच लिहिली होती. पण दहा वर्षं शाळेत काढल्यावर तो कोपरा मला दिसेनासाच झाला होता. हस्तकलेचे मास्तर आणि मी, अंधशाळेत डोळस म्हणून पगार घेणारे, आणि आमची ही तऱ्हा.

मी यादी काढली. रामरावांसारखे लोक चिडतील, शिव्या देतील, त्यांना सांभाळून घेता येईल. पण यादीत अकोल्याच्या जानकाबाई होत्या. नवरा नाही, मुलगा एकुलता एक, फौजेत, आणि त्या वेळी सरहद्दीवर. महिनाभर त्याचं पत्र नाही, असा त्यांचा निरोप नुकताच कोणाबरोबर तरी आला होता.

हेडमास्तर म्हणाले, "तार करून टाका, कार्ड चुकून गेलं म्हणून."

"ज्या घरचा मुलगा लढाईवर आहे, त्या घरी तार?"

जानकाबाईंकडे फोन नव्हता. मी टोपी घातली आणि मिळेल ती बस धरली.

मूर्तिजापूरला रेल्वेचं फाटक लागलं. गाडी येण्याचं चिन्ह दिसेना. ड्रायव्हर उतरून निवांत चहा पिऊ लागला. मी दोनदा त्याच्याकडे गेलो.

"इतली घाई हाय तं पैदल जा ना," तो म्हणाला. "फाटक का माह्या बापाचं हाय?"

अकोल्याला पोचलो तेव्हा दुपार झाली होती. पोस्टमास्तरांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अर्ज द्या."

"अर्ज दिला तर कार्ड आत्ता मिळेल?"

"आत्ता कसं मिळेल? त्या भागाचा पोस्टमन केव्हाच गेला."

टांगा करून जुन्या शहरात गेलो. गल्लीत माणसं जमली होती. जानकाबाई ओट्यावर बसल्या होत्या. कार्ड खाली अंगणात पडलं होतं. वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर कोणीतरी दगड ठेवला होता. एक शेजारी ते उचलायला वाकला.

"हात नोको लावू," त्या म्हणाल्या. "वाचलं नाही तवरीक माहं पोरगं हाय."

मी आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो. पुढे होऊन म्हणालो, "मावशी, ते कार्ड मी धाडलंय. अमरावतीच्या अंधशाळेचं आहे." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण ऐकू गेलं नसावं. मी ओट्याखाली जमिनीवरच बसलो. "तुमच्या मुलाची त्यात काही बातमी नाही. शाळेतल्या मुलांची शपथ. आमच्या शाळेचे आभार आहेत नुसते."

"मंग कोपरा काहून कापला?"

मी सांगितलं. आंधळ्या मुलांची बोटं, कागदाची सुलटी बाजू, सगळं. मग दगड काढून कार्ड मोठ्याने वाचलं. 'आपली कृपादृष्टी अशीच राहो' ही शेवटची ओळ वाचताना मला माझीच लाज वाटली.

त्यांनी कार्ड हातात घेतलं. ठिपक्यांवरून अंगठा फिरवला. "हे काय टोचलं?"

"तुमचं नाव, मावशी. मुलांनी टोचलंय."

तेव्हा कुठे त्या रडल्या. रडून झाल्यावर मला म्हणाल्या, "दोन घंटे माहं पोरगं मारलं तुमी. दोन घंटे! मले कागद नोको धाडत जाऊ. काई सांगाचं असन तं इथं येऊन तोंडानं सांगाचं."

पुढे बऱ्याच दिवसांनी मुलाचं पत्र आलं. मुलगाही सुखरूप परत आला. जानकाबाईंकडून त्या वर्षी शाळेला दाणाही आला नाही, आणि मागायची माझी छाती झाली नाही. दुसऱ्या वर्षी मी स्वतः गेलो, तेव्हा त्यांनी चहा दिला, ज्वारीही दिली. बाकीच्या देणगीदारांची माफी मागत मी महिनाभर गावोगाव फिरलो. काहींनी पाणी दिलं. तिघांनी शाळेचं नाव कायमचं टाकलं. त्यांचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही.

त्यानंतर शाळेतून छापील काहीही बाहेर जायचं असलं की मी ते आधी आमच्या स्वयंपाकघरातल्या सरूबाईंना नेऊन दाखवी. वकीलसाहेब हसायचे. पण एकदा वार्षिक समारंभाच्या निमंत्रणाला छापखान्याने शोभा म्हणून काळी चौकट घातली. वकीलसाहेबांनी, हेडमास्तरांनी आणि मी, तिघांनी शुद्धलेखन तपासून ते पास केलं. सरूबाईंनी पीठ लागलेल्या हाताने ते लांब धरलं आणि विचारलं, "आता कोण मेलं?" त्यांना अक्षर येत नव्हतं. म्हणूनच मी त्यांना दाखवत होतो.