रेहानाताईंचं पालथं घमेलं

रेहानाताई आर्किटेक्ट होत्या, पण अर्धवट बांधलेल्या खोलीत शिरल्या की आधी चपला काढून पालथ्या घमेल्यावर बसायच्या. डोळे मिटून. मग जवळ जो असेल त्याला म्हणायच्या, "भिंत सरळ आहे का, ते ओळंबा सांगेल. इथं जीव बसतो का, ते तू सांग."

सोमाटण्याजवळ त्यांनी विसराचा आजार जडलेल्या म्हाताऱ्यांसाठी घर बांधायला घेतलं, तेव्हा मी फरशीकामाला होतो. शाळा सातवीत सुटलेली, गाव पार किनवटकडं. बंद खोलीत माझी छाती धडधडायची. कळलं तर काम जाईल, म्हणून गप्प राहायचो. एकदा ताईंनी विचारलं, "खोलीत शिरल्यावर तू आधी काय बघतोस?" म्हटलं, "दार." त्यांनी सगळे पलंग दार दिसेल असे फिरवून घेतले.

ताई आजारी पडल्या त्या आठवड्यात मुकादमानं हौसेनं दारात काळ्या ग्रॅनाइटचा चकचकीत उंबरा बसवून घेतला. "उंबऱ्याबिगर घर असतं व्हय?"

पहिले राहायला आले ते मावळातलेच एक आबा. मुलगा-सून तळेगावला कारखान्यात. दिवसभर आबांना घरात ठेवून, बाहेरून कडी लावून त्यांना जावं लागायचं. इथं जमलं नाही तर पुन्हा तीच कडी. आबा त्या काळ्या उंबऱ्याकडं बघत दारात थबकले.

"हितं इहीर हाय. म्या न्हाई यायचो."

"आवो आबा, दगुड हाय त्यो!" मुकादम त्यावर नाचून दाखवायला लागला. मुलानं हात ओढला. आबांनी चौकट घट्ट धरली.

बऱ्या होऊन आलेल्या ताई आबांशेजारी उभ्या राहून खाली वाकल्या. "किती खोल आहे, आबा?"

"लय. तळ दिसंना."

"मग बुजवू या. तुम्ही लक्ष ठेवा."

आबा खुर्चीवर बसून मालकासारखे बघत राहिले. मी ग्रॅनाइट फोडून काढला, आतल्या जमिनीच्याच रंगाची फरशी लावली. दार मिटू नये म्हणून त्याला वीट लावून ठेवली होती. फरशी घट्ट धरेपर्यंत ताई घमेलं पालथं घालून माझ्याजवळ बसल्या.

"तुझीही विहीर आहे ना रे कुठंतरी?"

"हाय, ताई."

"किती खोल?"

असं कुणी विचारलंच नव्हतं. फरशी धरेपर्यंत मी सांगत होतो.

संध्याकाळी आबांनी काठी टेकवून पाहिली. "बुजली," म्हणाले, आणि आत गेले.

ताई आता नाहीत. मी त्याच घरात देखरेखीला आहे. दारात कुणी थबकलं, की घमेलं पालथं घालतो आणि शेजारी बसतो.