सुंदरअक्कांचं लक्ष

"आत्ता कुठं होतीस गं?" एकोणीसशे साठच्या सुमारास मी बंगळूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागले, तेव्हा माझं लक्ष भरकटलं की सुंदरअक्का खुर्चीमागे येऊन हळूच असं विचारायच्या. आम्हा ऑपरेटर मुलींवर त्या देखरेख करत. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलं, त्यामुळे मराठीत कन्नड मिसळलेलं. मी "इथंच" म्हटलं की म्हणायच्या, "खोटं नको. हेब्बाळच्या तळ्यावर होतीस तर तसं सांग." त्यांना खरंच उत्तर हवं असायचं.

त्या उन्हाळ्यात माझे वडील बेळगावला अंथरुणाला खिळले. एका सकाळी जयनगरच्या एका बाईंनी धारवाडचा ट्रंक कॉल मागितला. तासाभरानं लाइन मिळाली, ती जोडून द्यायची खूण म्हणून माझ्यापुढचा दिवा लागला. मी दिव्याकडे बघत होते आणि मला दिसत होती वडिलांची खाट. भानावर आले तोवर लाइन गेली होती. पुन्हा मिळाली ती दुपारी. बाईंचे वडील पहाटे वारले होते. परदेशी निघालेल्या भावाला त्या थांबवू पाहत होत्या. त्याची गाडी केव्हाच सुटली होती.

एक्स्चेंजचे साहेब अक्कांना म्हणाले, "लाइन खराब होती असं लिहा." अक्कांनी वहीत घडलं तेच लिहिलं आणि चार दिवसांनी मला घेऊन त्या बाईंच्या दारात उभ्या राहिल्या. मी कसंबसं सगळं सांगितलं. बाई एवढंच म्हणाल्या, "अण्णाला अजून कळलेलं नाही. बोटीवर आहे." त्यांनी आम्हाला आत बोलावलं नाही.

परतताना मी विचारलं, "अक्का, तुमचं मन कसं हो जागेवर राहतं?"

"अय्यो, राहतं कुणी सांगितलं? नवरा गेला तेव्हा मी भलत्याच गावांना लाइन जोडत होते. मन जाणारच. गेलंय हे स्वल्प लवकर कळलं की झालं. म्हणून तर विचारत असते तुम्हाला."

त्यानंतर ड्यूटीआधी रोज त्या मला पाच मिनिटं जवळ बसवून घेत. वडिलांविषयी सगळं बोलायला लावत. मग म्हणत, "सरी, ठीक आहे, बैस आता." मन तरीही जायचंच, पण ते निघालं की मला चाहूल लागायची.

आषाढात तार आली. वडील अत्यवस्थ. त्या दिवशी दोघी मुली रजेवर, बोर्डावर दिवेच दिवे. मी डोळे पुसून म्हटलं, "ड्यूटी संपवून जाते अक्का. लक्ष ठेवीन."

त्यांनी माझ्या कानांवरचे हेडफोन काढून घेतले. "ठेवशील, ठाऊक आहे मला. पण आज ते तिकडं हवंय. ऊठ." आणि माझ्या खुर्चीत बसल्या.

मी दुपारची गाडी धरली. वडील आणखी दोन दिवस शुद्धीवर होते, अधूनमधून बोलत होते. त्यातला एकही शब्द माझ्याकडून निसटला नाही.