मिकेसची पेटी

ग्रीसमधल्या आमच्या कालिम्नोस बेटावर मेलेल्या माणसाची हाडं काही वर्षांनी उकरतात, वाइनने धुतात आणि नाव घातलेल्या पेटीत भरून चर्चमागच्या खोलीत ठेवतात. माझी थेमेलिनामावशी दर शनिवारी तिथे जाऊन आपल्या नवऱ्याची, मिकेसची, पेटी पुसते. मिकेस समुद्रातून स्पंज काढायचा. आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे गेलेली त्याची बोट परतली, तो परतला नाही. पेटीशेजारी मावशीने हाडं धुण्यासाठी वाइनची बाटली ठेवली आहे. वाइन आंबली की ती नवी आणते.

परवा मी मावशीबरोबर तिथे होते, तेव्हा फोन कानात सांगेल तसं एकटीच बेट बघत फिरणारी एक परदेशी बाई आत शिरली आणि न विचारता तिने मिकेसच्या पेटीचं झाकण उचललं. मी तडकलेच.

"अहो बाई, तुमच्या घरात शिरून मी कपाटं उघडते का?"

ती ओशाळली. मोडक्यातोडक्या ग्रीकमध्ये पुटपुटली, "माफ करा. पण ही रिकामीच आहे."

"तू गप गं," मावशी मला म्हणाली. तिने झाकण त्या बाईच्या हातातून घेऊन हलकेच लावलं.

"रिकामी कशाची, पोरी? त्याला घरी यायला नेहमीच उशीर होतो."