हरभऱ्यातली पाखरं

पोळ्याच्या दिवशी बाबांना लकवा मारला. उजवा हात गेला. पाय ओढत का होईना, ते पुढे चालू लागले, पण वाचा गेली ती गेलीच. डॉक्टर म्हणाले, बोलतं करत राहा. मी रोज यवतमाळहून फोन लावायची, आई मोबाइल त्यांच्या कानाशी धरायची आणि मी एकटीच बडबडायची. पलीकडून नुसता श्वास. फोन ठेवला की मला रडू यायचं नाही, राग यायचा. कोणाचा, ते नका विचारू.

माझे बाबा म्हणजे नुसता आवाज होता. राळेगावकडे आमच्या वावरात ज्वारी असायची, तेव्हा पाखरं राखायला ते मचाणावर उभे राहायचे आणि त्यांची हाक नाल्यापलीकडे जायची. "हाऽऽऽ हुर्र्याऽऽ!" शेजारचे काका मला म्हणायचे, "तुह्या बापाच्या भरोशावर मी झोपतो ना पोरी. माह्या वावरातले पाखरंही तोच हाकलते." पुढे ज्वारी गेली, सोयाबीन आलं. आता रानडुकरं येतात, रोही म्हणजे नीलगाई येतात. पाखरांसाठी मचाणावर चढायचं कामच उरलं नाही.

थंडीत आमच्याकडच्या धरणाच्या पाण्यावर दूरदेशीची पाखरं उतरतात. संक्रांत झाल्यावर एका रविवारी मी गावी येऊन धरणावर जायला ऑटो ठरवला. आई कुरकुरलीच. "पाखरं पाहाले येवढ्या दूर कायले? आपल्या आंगनात चिमण्या नाहीत काय?"

"तू चाल ना माय गुपचूप," मी म्हटलं. खरं सांगायचं तर मलाही ठाऊक नव्हतं कायले. बाबांनी एकदा तरी मला हाक मारावी, एवढंच डोक्यात होतं. पाखरं पाहून जीभ सुटली तर सुटली.

काठावर शहरातली माणसं मोठाले कॅमेरे लावून बसली होती. खोकला आला तरी रुमालात दाबत होती. 'आवाज करू नका' असा बोर्डच होता. आम्ही बाबांना बाभळीखाली खुर्चीवर बसवलं, आईने त्यांच्या कानाला मफलर गुंडाळला. पाणी ओसरून उघड्या पडलेल्या गाळात कोणीतरी हरभरा पेरला होता, हिरवागार. पाण्यावर राखाडी रंगाची मोठी बदकं होती, डोक्यावर काळे पट्टे असलेली. मी सांगत होते, "बाबा, हे हिमालय ओलांडून येतात म्हणे." त्यांचं लक्ष पाण्याकडे नव्हतंच. ते हरभऱ्याकडे बघत होते.

थोड्या वेळाने अख्खा थवा पाण्याबाहेर निघाला आणि डुलत डुलत हरभऱ्यात शिरला. शेंडे खुडू लागला. कॅमेरे कटकट वाजायला लागले. बाबा डाव्या हाताने खुर्ची धरून उठले. मला वाटलं, लघवीला लागली असेल.

"हाऽऽऽ हुर्र्याऽऽ!"

अगं माय! सगळा थवा एकदम उठला. आभाळभर पंख आणि कलकलाट. एक कॅमेरावाला तरातरा आला. "काय हो, वेड लागलं का? बोर्ड वाचता येत नाही?" मी हमसून रडत होते. आई जन्मात कधी परक्या माणसाशी वर मान करून बोलली नाही. ती पदर खोचून पुढे झाली.

"बाबू, ओरडू नको. पोळ्यापासून आज बोलले ते. तुह्ये पाखरं येतीन परत."

तो माणूस खाली बघत मागे फिरला. मी बाबांचा हात धरला. "बाबा, आता मले हाक मारा. एकडाव मारा ना." त्यांचे ओठ हलले. थोडा वेळ नुसतेच हलले. मग ते खुर्चीवर बसले.

आईचं खरं झालं. ऊन कललं तशी पाखरं परत आली, पुन्हा हरभऱ्यात उतरली. बाबा बघत राहिले. आवाज तेवढा परत आला नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. चैत्रात ते गेले. त्यांची शेवटची हाक कोण्या अनोळखी माणसाच्या पिकासाठी होती. बाबाच ते, दुसरं काय करणार! पण मला अजून त्या हरभऱ्याचा हेवा वाटतो.